पोट भरतं, पण भूक जात नाही: जबडा बांधलेला असताना पातळ आहार नेमका कुठे फसतो

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी धाकट्या भावाने पाटीवर लिहून दाखवलं, "ताई, पोट डब्ब झालंय आणि भूकही लागलीये." खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे बोलणं पाटीवरच चालायचं. मला वाटलं गॅस झाला असेल. त्याच संध्याकाळी बाथरूममधून बाहेर येताना त्याला भोवळ आली. आम्ही त्याला बसवलं, साखर-मिठाचं पाणी दिलं, तरतरी आली. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच: हातपाय गळाले, चिडचिड, डोकं जड, पेला पुढे केला की मान फिरवायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आहारतज्ज्ञांनी एकच सांगितलं, कालच्या दिवसात पोटात काय काय गेलं ते मापासकट लिहून आणा.

तो कागद मी अजून ठेवला आहे. भाज्यांचं गाळलेलं पातळ सूप तीन वेळा, फळांचा रस दोन वेळा, दूध दोन वेळा, प्रत्येक वेळी २०० मिली. एकूण १४०० मिली. पोट फुगायला एवढं पुरेसं होतं. पण हिशेब केला तर सगळं मिळून जेमतेम साडेपाचशे कॅलरी आणि सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला हाड भरून येण्याच्या काळात साधारण १८०० ते २१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे आम्ही त्याला दिवसभर भरवत होतो आणि तो उपाशी राहत होता.

ही अडचण पुन्हा पुन्हा येते ती यामुळेच. अशक्तपणा आला की आपण साखरपाणी देतो, ते तासाभरापुरतं चालतं, मूळ कारण तसंच राहतं. जबडा बांधला की माणूस बारीक होतो, हे इतकं ठरलेलं आहे की १९७० च्या दशकात लठ्ठपणा कमी करण्यासाठी मुद्दाम दात तारांनी बांधले जात. ज्याला वजन उतरवायचं नाही, त्याने जाणूनबुजून उलट दिशेने जोर लावावा लागतो.

आता बऱ्याच फ्रॅक्चरना आणि जबडा पुढे-मागे करण्याच्या ऑपरेशनांना प्लेट आणि स्क्रू लावतात, त्यामुळे जबडा अजिबात बांधत नाहीत किंवा थोडे दिवस रबर बँड लावतात. बांधलाच तर चार ते सहा आठवडे, जबड्याच्या सांध्याजवळचं हाड मोडलं असेल तर बऱ्याचदा त्याहून कमी. पण प्लेट असली तरी चावायची मनाई असतेच, म्हणून खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे आणि साखरेचे आकडे परस्पर ठरवू नका.

पहिली तपासणी: पेल्यात आहे काय?

बाकी कशाच्याही आधी हे बघा. एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, जे पोटात गेलं ते मोजून लिहा. "तीन पेले सूप" असं नको. कशाचं सूप, किती मिली, त्यात काय घातलं, आणि पेल्यात उरलं किती, तेही लिहा. उरलेलं लिहायला सगळे विसरतात. भावाच्या बाबतीत प्रत्येक पेल्यात तळाशी दोन बोटं उरायची, आणि पोषण नेमकं त्या तळच्या गाळात असायचं.

पातळ म्हणजे पाणचट नव्हे. दूध आणि पाणी दोन्ही नळीतून सारख्याच सहज जातात, पण एकात जीव आहे. म्हणून पेल्यांची संख्या वाढवू नका, त्याच पेल्यात जास्त भरा. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडलं ते घट्ट केलेलं दूध. २५० मिली साय न काढलेलं दूध घ्या, त्यात ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, म्हणजे साधारण चार सपाट मोठे चमचे, आणि एक छोटा चमचा कुठलंही बिनवासाचं खाद्यतेल. थोड्या कोमट दुधात पावडर आधी कालवून घ्या, मग उरलेलं दूध घाला, नाहीतर गुठळ्या होतात. एवढ्या एका पेल्यात साधारण ३०० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं येतात. दिवसभरात असे चार गेले की प्रथिनांचा किमान आकडा तिथेच गाठला जातो, बाकीचं सूप आणि फळं वरकड.

तेलाबद्दल लोक कचरतात. पण छोट्या चमच्याभर तेलात चाळीसेक कॅलरी असतात आणि पेल्याची उंची रेघभरही वाढत नाही. सूप, दूध, उकडून वाटलेली भाजी, कशातही ते मुरतं. एकदम दोन-तीन चमचे मात्र घालू नका, पोट बिघडतं. एकापासून सुरू करा.

सुपाचंही तसंच. भाज्या उकळून त्यांचं पाणी गाळून देणं म्हणजे चव असलेलं पाणी देणं. भाजीबरोबर मऊ शिजवलेली डाळ किंवा चिकन किंवा पूर्ण शिजवलेलं अंडं घाला, सगळं एकत्र वाटा, मग गाळा. कच्चं अंडं कुठल्याच पेयात घालू नका. आजारी शरीराला त्यातून जंतुसंसर्ग झाला तर ती उलटी-जुलाबाची वेळ बांधलेल्या तोंडाने काढावी लागते.

वेळाही बघा. तीन वेळा जेवण ही सवय इथे उपयोगाची नाही. पातळ पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकतात आणि एका वेळी फार पिववतही नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, दिवसातून सहा ते आठ वेळा. आम्ही मोबाईलला गजर लावला होता. भूक लागायची वाट बघितली की उशीर होतो, कारण दुखण्यात आणि औषधांच्या ग्लानीत भुकेची जाणीवच मंदावते. पहिल्या तीन दिवसांत सूज वाढतच असते, दोन-तीन दिवसांत ती सगळ्यात जास्त होते, तेव्हा फार कमी जातं. त्या दिवसांत पाणी कमी पडू देऊ नका एवढंच सांभाळा, आकड्यांच्या मागे चौथ्या दिवसापासून लागा.

दुसरी तपासणी: आत जातंय की वाटेत अडकतंय?

पेल्यातलं चांगलं असूनही जर एक पेला संपायला पाऊण तास लागत असेल, तर माणूस दमतो आणि अर्ध्यावर सोडतो. इथे दोष पदार्थाच्या बारीकपणात असतो.

मिक्सरमधून काढलेलं डोळ्यांना कितीही मऊ दिसलं तरी त्यात टोमॅटोची साल, बिया, भाजीचे दोरे, मांसाचे तंतू असतात. हे कण दातांच्या फटीत आणि तारांच्या पिळात बसतात आणि मग मागून येणारं सगळं अडवतात. म्हणून गाळणी लागतेच, चहाच्या गाळणीइतकी बारीक. वाटलेलं गाळणीत ओता आणि हात लावू नका. आपोआप खाली उतरलं तर ते चालेल. चमच्याने रगडून उतरवावं लागत असेल तर ते अजून जाड आहे, कोमट पाणी किंवा दूध घालून पुन्हा फिरवा. मी सुरुवातीला चोथा वाया जाऊ नये म्हणून घासून घासून उतरवायचे, आणि मग रात्री आरशासमोर त्याच्या तारांतून तेच कण पाण्याच्या फवाऱ्याने काढत बसायचे.

बटाटा मिक्सरमध्ये जास्त फिरवला की चिकट होतो, खळीसारखा ओढला जातो. भात आणि ओट्स वाटताना पातळ वाटतात पण निवले की आळतात. अशा पिठूळ पदार्थांत आधीच जास्त पाणी ठेवा, आणि गरम असताना ठीक होतं म्हणून तसंच देऊ नका, देण्याच्या क्षणी किती जाड आहे ते बघा. गरम सूप मिक्सरमध्ये भरताना भांडं अर्ध्याहून कमी भरा आणि झाकण थोडं सैल ठेवून वर फडकं दाबा. वाफ कोंडली तर झाकण उडतं.

फेसाकडेही लक्ष असू द्या. मिक्सरमधून काढलेलं लगेच दिलं की त्यातली हवाही गिळली जाते, आणि पोट फुगण्याचं अर्धं कारण ते असतं. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, फेस बसू द्या.

भरवायचं कसं

स्ट्रॉ वापरायचा की नाही, हे सर्जनला विचारून घ्या. ओढून पिण्याने तोंडात जो ताण येतो त्याने ताज्या जखमेतून रक्त येऊ शकतं, म्हणून अनेक जण सुरुवातीचे दिवस स्ट्रॉ बंद ठेवतात. आम्हाला ५० मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसणारी मऊ रबरी नळी दिली होती.

ती वापरायची रीत कळायला आम्हाला चार दिवस लागले, म्हणून सविस्तर लिहिते. माणूस ताठ बसलेला हवा, आडवा किंवा रेललेला नको. हनुवटी किंचित खाली. सिरिंजमध्ये भरल्यावर टोक वर करून हवा काढून टाका. नळीचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून आत, गाल आणि दातांच्या मधल्या पोकळीत, मागे शेवटच्या दाढेच्या दिशेने सरकवा. सगळे दात शाबूत असले तरी शेवटच्या दाढेमागे थोडी वाट असते, पातळ पदार्थ तिथून आत उतरतो. एका वेळी पाच ते दहा मिली, मग थांबायचं, गिळून झालं की पुढचं.

आणि दट्ट्या ज्याचं तोंड त्यानेच दाबायचा. मी दाबायचे तेव्हा त्याला हमखास ठसका लागायचा, कारण तो कधी गिळतोय हे मला बाहेरून कळत नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने माझ्या हातून सिरिंज घेतली, डाव्या हाताने गाल जरा बाहेर ओढून धरला आणि अंगठ्याने हळूहळू दाबत २०० मिली सूप वीस मिनिटांत संपवलं. त्याच्या आधी त्यालाच चाळीस मिनिटं लागायची.

हनुवटीवरून ओघळत असेल तर ते निष्काळजीपणाने होत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी संवेदनेची नस दुखावलेली असते, त्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते, सांडतंय हे त्या माणसाला जाणवतच नाही. हातात रुमाल आणि समोर आरसा द्या. आणि बधिरपणामुळे भाजल्याचंही कळत नाही, म्हणून प्रत्येक पेला आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. कोमट, त्याहून गरम नाही.

मळमळ आणि उलटी

या भीतीने कितीतरी जण खाणंच कमी करतात. बांधलेल्या तोंडाने उलटी झाली तर गुदमरायला होईल असं वाटतं. पण पोटात सगळं पातळच असल्यामुळे ते दातांच्या फटींतून आणि नाकातून बाहेर येतं. लगेच पुढे वाका, तोंड जमिनीकडे, दोन्ही गाल बोटांनी बाहेर ओढून वाट मोकळी करा. पाठीवर झोपू किंवा मान मागे टाकू मुळीच नका.

नवव्या रात्री भावाला झाली. दुखण्याची गोळी कुटून रिकाम्या पोटी दिली होती, कारण तो पेला नको म्हणत होता. पलंगाच्या कडेला बसवून मी त्याची मान पुढे धरली, दोन मिनिटांत सगळं निघून गेलं. तारा कापायचा चिमटा उशाशीच होता, वापरावा लागला नाही. तो चिमटा, किंवा रबर बँड असतील तर छोटी कात्री, चोवीस तास त्या माणसाच्या जवळ हवी, बाहेर जातानाही खिशात. घरी सोडण्याआधीच सर्जनकडून बोटाने दाखवून घ्या की कुठल्या तारा कापायच्या. वरच्या आणि खालच्या दातांना जोडणाऱ्या उभ्या तारा असतात त्या. त्या कापायच्या फक्त श्वास अडला तर, आणि कापल्यावर तडक दवाखान्यात जायचं.

मळमळ वरचेवर होत असेल तर आधी औषधं बघा. दुखण्याच्या आणि अँटिबायोटिकच्या औषधांआधी अर्धा पेला तरी पोटात जाऊ द्या. गोळी कुटण्याआधी औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि पोटात विरघळू नये म्हणून आवरण दिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, कुटल्या की औषध एकदम अंगावर येतं किंवा वाया जातं. बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं. तेही जमलं नाही आणि मळमळ राहिली तर त्यावरचं औषध मागून घ्या.

पोट बिघडलं तर

जुलाब लागले की लोक दूध बंद करतात आणि पुन्हा रस-पाण्यावर येतात, म्हणजे पहिल्याच खड्ड्यात. आधी गोडाचं प्रमाण बघा. साखर घातलेली पेयं आणि नुसता रस आतड्यात पाणी ओढून घेतात. तो कमी करा. घट्ट दूध एकदम पूर्ण प्रमाणात सुरू केलं असेल तर पावडर निम्मी करा आणि दोन-तीन दिवसांत वाढवा. दूध आधीपासूनच सोसत नसेल तर लॅक्टोज नसलेलं दूध किंवा सोयाबीनचं दूध घ्या. अँटिबायोटिकनेही जुलाब होतात. थांबत नसतील तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

बद्धकोष्ठता त्याहून जास्त जणांना होते, विशेषतः दुखण्याची कडक औषधं चालू असताना. दिवसभरात दीड-दोन लिटर पातळ पदार्थ जातायत ना ते बघा, आणि फळं नुसता रस काढून न देता गरासकट वाटून गाळा. पाण्यात फुगणारी, चिकट होणारी चूर्णं सिरिंजमधून देऊ नका. नळीत बसतात.

बारा-तेरा दिवसांनी येणारा कंटाळा

सगळं जमलं असं वाटत असतानाच भावाने एका सकाळी पेला हातानेच दूर सारला. पाटीवर लिहिलं, "गोड नको." मी मागच्या चार दिवसांच्या नोंदी बघितल्या. आठातले सहा पेले गोड होते. पोषण मोजताना मी चव मोजायची विसरले होते.

त्या दिवसापासून गोडामागे खारट, खारटामागे गोड असा क्रम लावला. एक पेला कोमट, एक थंड. आंबट आणि तिखट जखमेला झोंबतं, म्हणून ते तिसऱ्या आठवड्यात, अगदी थोडं. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. घरात आमच्यासाठी जे शिजायचं त्यातलंच एक वाडगं बाजूला काढून वाटायचं, गाळायचं, आणि आमच्याबरोबर त्याच वेळी त्याच्या समोर ठेवायचं. आजाऱ्याचं वेगळं खाणं एकट्याने खोलीत घेण्यापेक्षा ते त्याला गोड लागायचं. निरनिराळे पदार्थ एकाच पेल्यात मिसळू नका, मात्र. प्रत्येकाची चव वेगळी राहू द्या.

चव मुळातच बिघडली असेल तर तोंड धुण्याचं औषध आठवा. क्लोरहेक्सिडिनच्या चुळांनी काही काळ चव बदलते. त्या खाण्याआधी न भरता खाल्ल्यानंतर भरा. आणि प्रत्येक पेल्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने तोंड खळखळून काढायचंच, पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. लहान मुलांचा मऊ ब्रश दातांच्या बाहेरच्या बाजूने फिरतो. दूध तारांत आंबलं की तोंडाला जी घाण येते, तिनेच निम्मी भूक मरते. तार ओठाला टोचत असेल तर तिच्यावर लावायचं मेण मिळतं.

वाटून ठेवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन.

वजन कधी, आणि घाबरायचं कधी

आठवड्यातून दोनदा, एकाच काट्यावर, सकाळी. रोज बघू नका, पाण्याच्या चढउताराने जीव टांगणीला लागतो. भावाचं पहिल्या दहा दिवसांत साडेतीन किलो उतरलं, पेले बदलल्यावर पुढच्या साडेतीन आठवड्यांत मिळून दीड किलो. पहिला आठवडा सोडून नंतरही आठवड्याला किलोभर उतरत असेल तर सांभाळून घेऊ म्हणू नका, आहारतज्ज्ञांकडे नोंदींचा कागद घेऊन जा.

लघवी गडद आणि कमी होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ताप, तोंडाला पू सारखा वास, थांबत नसलेलं रक्त, तार सैल होणं किंवा दात आधीसारखे बसत नाहीत असं वाटणं, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. श्वासाला त्रास होत असेल तर एक क्षणही थांबू नका.

तारा काढल्या त्या दिवशी भावाचं तोंड जेमतेम एक बोट उघडलं. पाच आठवडे न हललेले स्नायू आखडलेले असतात, आणि हाडही चावण्याचा पूर्ण भार घ्यायला अजून तयार नसतं. चमच्याने घेता येणारं मऊ खाणं सुरू होतं, पण ते हळू आणि थोडं जातं. म्हणून घट्ट दुधाचे पेले लगेच बंद करू नका. आम्ही ते आणखी तीन आठवडे रोज दोन चालू ठेवले, आणि तोंड दोन बोटं उघडायला लागल्यावर एकावर आणले.